आठ ते तेरा वर्षांच्या मुलांना मराठीत काय वाचायला द्यावं? (अनुभवासकट सांगा)

अबोली_ठाणे

नमस्कार मंडळी. माझी थोरली बारा वर्षांची, धाकटा नऊचा. दोघंही इंग्रजी माध्यमात. घरात बोलणं सगळं मराठीतच, त्यामुळे समजतं सगळं, पण मराठी पुस्तक आपणहून उचलून वाचत बसलेत हे दृश्य आमच्याकडे दुर्मीळ आहे.

सहा-सात वर्षांपर्यंत काहीच अडलं नव्हतं. माधुरी पुरंदरेंची 'राधाचं घर' मालिका, यशच्या गोष्टी, 'बाबाच्या मिश्या' यांची पारायणं झाली. 'बाबाच्या मिश्या'ची आमची प्रत आता चिकटपट्टीच्या आधारावर उभी आहे. खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. पुस्तकांच्या दुकानात गेलं की समोरच्या टेबलावर संस्कारकथा, बोधकथा, १०१ गोष्टी, बिरबल, तेनालीराम. लेखकाचं नाव नाही, चित्रकाराचं तर नाहीच, आणि प्रत्येक गोष्टीखाली चौकटीत तात्पर्य. पलीकडच्या मांडणीत एकदम 'मृत्युंजय' आणि 'छावा'. मधल्या वयाचं काही आहे की नाही?

मला वाटतं आहे, पण विखुरलेलं आहे, आणि आपल्यासारख्यांनी एकमेकांना सांगितल्याशिवाय ते हाती लागणार नाही. म्हणून हा धागा. नुसती यादी नको, याद्या पुष्कळ मिळतात. कुठल्या मुलाला कुठलं पुस्तक का आवडलं, कुठे कंटाळा आला, तुम्ही ते त्याच्यापुढे कसं ठेवलंत, हे लिहा. दोन्ही मुलांना 'यातून काय शिकलास?' हा प्रश्न विचारणारी पुस्तकं नको झाली आहेत, आणि मलाही.

सायकलस्वार

नऊ वर्षांच्या मुलासाठी डोळे झाकून फास्टर फेणे. भा. रा. भागवतांनी वीसेक पुस्तकं लिहिली आहेत, क्रमाने वाचायलाच हवीत असं नाही. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आलेला काडीपैलवान बनेश फेणे, त्याची सायकल आणि कुठेही संकट दिसलं की तोंडातून निघणारं ते 'ट्टॉक्'. राम वाईरकरांची चित्रं असलेली आवृत्ती मिळाली तर तीच घ्या, त्या चित्रांत तो धावताना दिसतो.

एक सांगतो. पुस्तक मुलाच्या हातात देऊन 'वाच' म्हणू नका. पहिली दोन प्रकरणं तुम्ही मोठ्याने वाचा आणि ऐन रंगात आल्यावर स्वयंपाकघरात काम आहे म्हणून उठा. आमच्याकडे लेकाने तिसरं प्रकरण अडखळत, शब्द चुकवत, पण स्वतः वाचलं. टांगा, तार, ट्रंककॉल असे शब्द येतात तेव्हा तो थांबतो, विचारतो, पुढे जातो. गोष्ट पळत असली की अनोळखी शब्द मुलं ओलांडून जातात. 'प्रतापगडावर फास्टर फेणे' वाचून झाल्यावर आम्ही खरंच प्रतापगडावर गेलो. वाटेत पुस्तकातली ठिकाणं तो मला दाखवत होता.

आणखी एक गोष्ट आजच्या मुलांना भुरळ घालते असं माझं निरीक्षण आहे. हा मुलगा एकटा फिरतो. सायकलवर टांग मारतो आणि निघतो. सोसायटीच्या फाटकाबाहेर एकटं न जाणाऱ्या मुलांना ते फार हवंहवंसं वाटतं.

पाटीवरची_रेघ

पालघर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी वारली बोलतात. म्हणजे पुस्तकातली मराठी ही त्यांचीही घरची भाषा नव्हे. अबोलीताई, तुमची मुलं आणि माझी मुलं यांच्यात परिस्थितीचा फरक फार मोठा आहे, पण वाचताना जिथे अडतात ती जागा बरीचशी सारखी आहे.

आमच्याकडे पुस्तकं कुलूपबंद कपाटात होती तोवर नवी कोरी राहिली. मग वर्गात खिडकीच्या गजांपासून सुतळी बांधली आणि पुस्तकं मधोमध उघडून तीवर टांगली. मुलांच्या खांद्याच्या उंचीवर, मुखपृष्ठ बाहेर. नोंदवहीत सही वगैरे काही नाही. महिन्याभराने मी पुस्तकांचे कोपरे बघतो. ज्याचे कोपरे मऊ पडून दुमडलेत ते पुस्तक मुलांचं झालं, आणि पुढची खरेदी त्या अंदाजाने करतो.

या परीक्षेत पास होणारी पुस्तकं पातळ असतात. मोठा टाइप, पानावर चित्र, आणि माणसं आपल्यासारखी. 'शाम्याची गंमत' चौथीच्या मुलांनी अक्षरशः फाडून वाचलं. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली पुस्तकं स्वस्त पडतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत, वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या, आणि त्या छापून घ्यायला परवानगी आहे. आम्ही केंद्रशाळेत छापून, शिलाई मारून पुस्तकं करतो. काही अनुवाद कृत्रिम वाटतात, तेव्हा आधी स्वतः वाचून निवडा.

आणि 'किशोर' विसरू नका. बालभारती हे मासिक १९७१ पासून काढते. पहिल्या अंकापासूनचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात, आणि त्या अंकांत मराठीतले मोठमोठे लेखक-चित्रकार आहेत. एका अंकात गोष्ट, कविता, कोडं, विज्ञान असं सगळं असल्यामुळे पुस्तकाला घाबरणारं मूलही कुठेतरी अडकतंच.

मृद्गंध_न्यूजर्सी

पाटीवरची_रेघ सर, कोपऱ्यांची परीक्षा फार आवडली.

आमच्याकडे मंडळाची रविवारची मराठी शाळा आहे, मी तिथे स्वयंसेवक शिक्षिका. परदेशातल्या मुलांची गोची अशी की वय दहा, समज दहाची, पण देवनागरी वाचनाचा वेग पहिलीतल्या मुलाचा. जोडाक्षर आलं की गाडी थांबते. वाचता येईल असं पुस्तक दिलं तर ते त्यांना बाळबोध वाटतं, आवडेल असं दिलं तर वाचवत नाही. इंग्रजी माध्यमातल्या मुलांचंही थोड्याफार फरकाने हेच असावं.

यावर आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो बालनाट्यांचा. रत्नाकर मतकरींची 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या' ही नाटकं वाटून घेऊन वाचायची. ज्याच्या वाट्याला जे पात्र, त्याने तेवढेच संवाद वाचायचे. मुलाला एका वेळी दोन ओळी वाचायच्या असतात, त्या त्याला झेपतात. पण आपली पाळी चुकू नये म्हणून तो दुसऱ्यांचे संवादही बोटाने पाठोपाठ वाचत राहतो. चेटकिणीसाठी तर भांडणं होतात. न वाचणाऱ्या एका मुलाने चेटकीण मिळावी म्हणून घरी सगळे संवाद पाठ करून आणले होते.

दुसरं म्हणजे विंदा करंदीकरांच्या बालकविता. 'एटू लोकांचा देश', 'राणीची बाग', 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ'. ओळ छोटी, यमक पुढचा शब्द सुचवतं, आणि त्या कवितांमधला खट्याळपणा दहा-अकरा वर्षांच्या मुलांनाही बालिश वाटत नाही. पाडगावकरांच्या कविताही घेतो, पण भुतांच्या बाबतीत विंदांना तोड नाही.

बापूकाका

सगळं खरं, पण इतक्या प्रतिसादांत 'श्यामची आई'चं नाव कोणी काढू नये? सानेगुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात बसून लिहिलेलं पुस्तक. १९३५ मध्ये प्रसिद्ध झालं आणि आजही छापलं जातंय. आमच्या आईने आम्हा भावंडांना रोज एक 'रात्र', म्हणजे त्यातलं एक प्रकरण, वाचून दाखवली. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या'ही तसाच. मुलांना उपदेश नको हे मान्य, पण चांगुलपणाची गोष्टही नको असं होऊ नये.

रेवती_म

बापूकाका, तुमच्याविषयी पूर्ण आदर ठेवून लिहिते. 'श्यामची आई' मी दहाव्या वर्षी वाचलं आणि रडरड रडले. पण ते रडणं बरंचसं अपराधी वाटल्याचं होतं. आपण इतके चांगले नाही, आपली आई एवढी सोसत नाही म्हणजे तिचं काही कमी पडतंय का, असं काहीबाही मनात यायचं. गरिबी, अपमान, आईचं आजारपण आणि मृत्यू हे नऊ वर्षांच्या मुलापुढे एकदम ठेवावं असं मला वाटत नाही. शिवाय आई म्हणजे फक्त त्याग, हे चित्र माझ्या मुलींनी आदर्श म्हणून घ्यावं हेही मला मान्य नाही.

'गोट्या'बद्दल मात्र सहमत. एका जोडप्याने घरी आणलेला पोरका मुलगा, त्याचा लाघवीपणा आणि उद्योग. भाषा जुनी आहे, पण घर फार उबदार आहे.

बापूकाका

रेवतीताई, मुलीच्या जातीने त्याग करावा असं गुरुजींनी कुठे लिहिलंय? ते तर मुलाला घडवणाऱ्या आईबद्दल लिहितात. झाडाच्या मुक्या कळ्या तोडू नयेत हे सांगणारी, पोहायला घाबरून लपलेल्या मुलाला बाहेर काढणारी बाई कणखर आहे. पण वयाबद्दलचा तुमचा मुद्दा विचार करण्याजोगा आहे.

ग्रंथपाल_सातारा

या वादात माझे दोन शब्द. क वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात काम करतो, बालविभाग माझ्याकडे आहे.

'श्यामची आई' सलग वाचायची कादंबरी नाही. बेचाळीस रात्री आहेत आणि प्रत्येक रात्र स्वतंत्र गोष्ट आहे. आम्ही सुट्टीतल्या वाचनवर्गात नऊ-दहा वर्षांच्या मुलांना 'मुकी फुले' आणि पोहायला जाण्याचं प्रकरण वाचून दाखवतो. पोहण्याच्या प्रकरणात आई श्यामला शिमटीने, म्हणजे बारीक छडीने, मारते. तिथे मी पुस्तक मिटतो आणि मुलांना बोलू देतो. 'तिने मारायला नको होतं', 'माझी आई असं करणार नाही', 'पण मग तो पोहायला शिकलाच नसता' अशी खडाजंगी होते. मोठ्यांनी मध्ये पडून निकाल द्यायचा नाही एवढं पथ्य पाळायचं. शेवटची प्रकरणं तेराव्या वर्षानंतर, ज्याला वाटेल त्याने आपली आपण वाचावीत.

खरेदी करणार असाल तर एक सूचना. सानेगुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे साठ वर्षांनंतर, म्हणजे २०११ पासून त्यांची पुस्तकं कोणीही छापू शकतं. बाजारात पुष्कळ आवृत्त्या आहेत. काही संक्षिप्त आहेत, काहींत मुद्रणदोष भरपूर. 'संपूर्ण' लिहिलंय का ते पाहा आणि आतली दोन पानं चाळूनच घ्या.

निशिगंधा

माझ्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा 'आई, आणखी एक प्रकरण' असं म्हटलं ते 'तोत्तोचान'ला. मूळ जपानी, लेखिका तेत्सुको कुरोयानागी. मराठीत चेतना सरदेशमुख गोसावींनी आणलंय, नॅशनल बुक ट्रस्टचं पुस्तक आहे, किंमत अगदी कमी. शाळेतून काढून टाकलेली एक चळवळी मुलगी आणि रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी तोमोई ही शाळा. मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्या भेटीत त्या लहान मुलीचं बोलणं चार तास ऐकून घेतात, तिथेच माझा मुलगा उठून बसला. 'चार तास? खरंच?' खरंच, कारण ही लेखिकेच्या स्वतःच्या शाळेची हकिकत आहे. पुढे १९४५ च्या बाँबहल्ल्यात ती शाळा जळाली, हे वाचताना तो गप्प झाला होता, पण पुस्तक टाकून उठला नाही.

त्या शाळेत डब्यात काहीतरी समुद्रातलं आणि काहीतरी डोंगरावरचं आणायचं असा नियम असतो. त्यानंतर आमच्याकडे रोज डबा उघडून चौकशी. भेंडी डोंगरावरची का? आम्ही देशावरचे, शाकाहारी, समुद्रातलं आणणार कुठून? शेवटी मीठ समुद्रातलं असं ठरलं आणि प्रश्न सुटला. शाळेतल्या दोन मित्रांनाही त्याने हा खेळ शिकवला आणि एकाच्या आईचा मला पुस्तकासाठी फोन आला.

नऊ वर्षांपासून पुढे कुणालाही द्या. प्रकरणं दोन-तीन पानांची आहेत, त्यामुळे हळू वाचणाऱ्यालाही रोज एक संपवता येतं.

अबोली_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. लिहून घेतेय. नाटकं वाटून वाचण्याची कल्पना या रविवारीच करून बघणार.

आता थोरलीविषयी. तिला इंग्रजीत जाडजूड पुस्तकं वाचायची सवय आहे, हॅरी पॉटर मालिका संपवून बसली आहे. 'हॅरी पॉटर आणि परीस' मराठीत आहे म्हणून आणलं, तर म्हणाली, 'हे मला माहितीये, माहीत नसलेलं दे.' तिची आणखी एक तक्रार आहे आणि ती मला रास्त वाटते: मराठीत धाडस करणारे सगळे मुलगेच का? फास्टर फेणे, गोट्या, बोक्या सातबंडे.

सायकलस्वार

बोक्याचं नाव निघालंच आहे तर, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे नऊ वर्षांच्या धाकट्याला नक्की द्या. शहरातला, आजच्या मुलांच्या जवळचा आणि विनोदी.

थोरलीला फेलूदा द्या. सत्यजित राय यांच्या या गुप्तहेरकथा अशोक जैन यांनी मराठीत आणल्या, रोहन प्रकाशनाने बारा पुस्तकांचा संच काढला. फेलूदा, त्याचा चुलतभाऊ तोपशे आणि रहस्यकथा लिहिणारे जटायू हे त्रिकूट भारतभर फिरतं. एक कथा तर थेट आपल्या वेरूळच्या कैलास लेण्यात घडते. तिथली मुख्य माणसंही पुरुषच, हे मात्र आधीच सांगतो.

रेवती_म

अबोलीताई, लेकीची तक्रार शंभर टक्के रास्त. ताम्हनकरांनीच 'चिंगी' लिहिली आहे, पण ती शोधावी लागेल. संगीता बर्वेंची 'पियूची वही' बघा, २०२२ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार तिला मिळाला. डायरीच्या रूपात आहे, ही वही आपणही लिहावी असं वाचणाऱ्याला वाटतं. माझ्या धाकटीने वाचून झाल्यावर वहीच मागितली. 'तोत्तोचान'ही त्यातच धरा. तरीपण बारा-तेरा वर्षांच्या मुलीने स्वतः एखादं कोडं सोडवलंय, डोंगर चढलाय, चूक करून निस्तरली आहे, अशा दीर्घ मराठी कादंबऱ्या फार कमी आहेत. लिहिणाऱ्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी वाचक तयार बसलेत हे कळावं.

अकादमीचा हा पुरस्कार २०१० पासून आहे. मला नवीन पुस्तकं शोधायला त्या यादीचा उपयोग होतो. ल. म. कडू यांचं 'खारीच्या वाटा' (२०१७), सलीम सरदार मुल्ला यांचं 'जंगल खजिन्याचा शोध' (२०१९), भारत सासणे यांचं 'समशेर आणि भूतबंगला' (२०२४) ही मला तिथूनच कळली. 'खारीच्या वाटा' तर मोठ्यांनीही वाचावं असं, धरणात जाणाऱ्या गावातलं बालपण आहे त्यात.

माळावरचा_पाऊस

बारा वर्षं म्हणजे लंपनला भेटायचं वय! प्रकाश नारायण संतांची 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' ही चार पुस्तकं. आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा लंपन, बेळगावकडचा परिसर, कानडी वळणाचं मराठी, आणि त्याची सुमी. मी बेळगावचाच. आमच्याकडची रेल्वे, तळं, देवळं, शाळेतला गोंगाट हे सगळं पुस्तकात पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमची बोली छापली जाऊ शकते हेच मला केवढं मोठं वाटलं होतं.

इथे रहस्य नाही, मारामारी नाही. काही मुलांना 'काहीच घडत नाही' असं वाटेल. पण ज्या मुलाच्या मनात सतत काहीतरी चालू असतं, एक गोष्ट बघता बघता दुसरीच सुचते, त्याला आपलं माणूस भेटल्यासारखं होतं. माझी भाची तेराव्या वर्षी 'वनवास' वाचून दोन दिवस 'मॅडसारखं' हा लंपनचा शब्द प्रत्येक वाक्यात वापरत होती. मोठ्याने वाचताना कानडी हेल न घाबरता काढा, निम्मी मजा त्यात आहे.

निशिगंधा

+१. आणि बारा-तेराला 'पाडस' सुचवेन. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या अमेरिकन कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद. फ्लोरिडाच्या जंगलातलं एक गरीब कुटुंब, ज्योडी आणि त्याने पाळलेलं हरणाचं पाडस. अनुवाद आहे हे विसरायला होतं, इतकं सुंदर मराठी. शेवट मात्र काळीज पिळवटणारा आहे. शेवट आधी सांगून ठेवावा का, हे मला ठरवता येत नाही. कोणी मुलांना दिलंय का?

ग्रंथपाल_सातारा

मी देतो, शेवट न सांगता. फक्त पुस्तक नेताना इतकंच सांगतो की शेवटाकडे आलास की घरी कोणीतरी असताना वाच. एक मुलगी पुस्तक परत करायला आली ती रागावूनच आली होती. 'काका, हे असं का लिहिलं त्यांनी?' आम्ही अर्धा तास बोललो. ज्योडीच्या घरचं पीक, भूक, वडिलांचं दुखणं, त्यापुढे दुसरा कुठला मार्ग होता का. जाताना तिने विचारलं, असं आणखी काही आहे का. तिला विलास मनोहरांचं 'नेगल' दिलं. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात वाढलेल्या प्राण्यांच्या खऱ्या हकिकती. बिबट्या घरात वाढतो म्हणजे रोज नक्की काय काय होतं, ते त्यात आहे. प्राणी आवडणाऱ्या दहा वर्षांच्या मुलालाही चालेल.

दुःखी पुस्तकांपासून पालक मुलांना फार जपतात. ग्रंथालयात मला उलट दिसतं. आजोबा गेलेत, घर बदललंय, मैत्रीण तुटलीय, अशी मुलं त्याच पुस्तकांपाशी थांबतात. जबरदस्तीने द्यायची गरज नाही, मुलं उचलतात तेव्हा हातातून काढून घेऊ नयेत.

तारांगण

विज्ञान कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. जयंत नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी'मधल्या कथा बारा-तेराव्या वर्षी द्याच. मुलांना आवडेल असा एक किस्सा: १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे परीक्षकांना त्यांच्या प्रसिद्धीचा अडथळा नको. कथेला बक्षीस मिळालं. मी वर्गात हे सांगतो तेव्हा मुलं लगेच आपली आद्याक्षरं उलटी करून टोपणनावं पाडायला लागतात.

मंगला नारळीकरांचं 'गणिताच्या सोप्या वाटा' गणिताची धास्ती घेतलेल्या मुलाच्या शेजारी बसून वाचावं असं आहे. आणि चरित्रांत वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर'. आईबरोबर पळवून नेलेलं गुलामाचं तान्हं मूल, ज्याला मालक एका घोड्याच्या बदल्यात परत मिळवतो, त्या मुलाचा पुढे केवढा मोठा शास्त्रज्ञ होतो! भुईमुगापासून काय काय बनवता येतं याची वर्णनं शेतकऱ्यांच्या मुलांना विशेष भावतात. ते १९८१ चं पुस्तक आहे आणि आजही नवव्या वर्गातली मुलं एकमेकांना देताना दिसतात.

शेवंती_गोवा

म्हापशाहून लिहितेय. आमच्याकडे घरात कोंकणी, शाळेत इंग्रजी आणि मराठी पुस्तकं आजीमुळे. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे मराठी पुस्तकंही आहेत. मुलांना स्वतः कपाटातून पुस्तक काढू देतात, हे मला महत्त्वाचं वाटतं.

जी. ए. कुलकर्णींचं 'बखर बिम्मची' कोणी सांगितलं नाही! मोठ्यांसाठी इतकं गहन लिहिणाऱ्या लेखकाने लहानग्या बिम्मची ही गोष्ट लिहिली आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला वाचून दाखवा, अकरा वर्षांच्या मुलाला स्वतः वाचू द्या. दोघं वेगवेगळ्या जागी हसतात.

'वाचू आनंदे'चंही नाव राहिलंय. माधुरी पुरंदरेंनी संपादित केलेले चार भाग आहेत, बालगटाचे दोन, कुमारगटाचे दोन. मराठीतल्या चांगल्या लेखनाचे वेचे आणि जोडीला भारतीय चित्रकला. अबोलीताई, थोरलीसाठी कुमारगट आणा. एखादा वेचा आवडला की मूळ पुस्तक मागते का ते बघा. माझ्या मुलीच्या बाबतीत पुढची सगळी पुस्तकं त्या वेच्यांतून सुचली.

अबोली_ठाणे

धागा वर काढतेय, कारण तुम्हा सगळ्यांना कळवायचं होतं.

नाटकवाचन जोरात चालू आहे, शेजारची दोन मुलंही येतात. धाकटा राक्षसाच्या आवाजात जोडाक्षरं बिनचूक म्हणतो. फास्टर फेणेची दोन प्रकरणं सायकलस्वार यांच्या सांगण्याप्रमाणे वाचून मी उठून गेले. पहिल्या दिवशी तो माझ्यामागे स्वयंपाकघरात आला आणि तिथेच उभा राहून 'वाच ना' करत बसला. दुसऱ्या दिवशी मी भाकरी थापत असताना ओट्याशेजारी बसून त्याने मला वाचून दाखवलं. अजून एकटा वाचत नाही, मला ऐकवायला मात्र वाचतो. सध्या मी तेवढ्यावर खूश आहे.

थोरलीला फेलूदा आवडला. लंपनची दहा पानं वाचून बाजूला ठेवला होता. मग माळावरचा_पाऊस यांचं वाचून मी एक प्रकरण मोठ्याने वाचलं, हेल काढायचा प्रयत्न केला, ती पोट धरून हसली आणि पुस्तक माझ्याकडून काढून घेतलं. 'पाडस' शेल्फवर दिसेल असं ठेवलंय, काही बोलले नाहीये.

'चिंगी' मात्र मिळत नाही. दोन दुकानांत 'आवृत्ती संपली' म्हणाले, एका ऑनलाइन विक्रेत्याने पैसे घेऊन आठवड्याने ऑर्डर रद्द केली. कोणाला कुठे मिळेल माहीत आहे का? पुस्तक मुलीने स्वतः लक्षात ठेवून मागितलंय.

ग्रंथपाल_सातारा

ताई, तुम्ही ठाण्यात आहात, तर १८९३ साली स्थापन झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय तुमच्या गावातच आहे. विकत शोधण्याआधी तिथे विचारा. जुन्या ग्रंथालयांत अशी पुस्तकं बालविभागात दिसली नाहीत तरी आतल्या साठ्यात असू शकतात. काउंटरवर तोंडी विचारू नका. चिठ्ठीवर लेखकाचं पूर्ण नाव, पुस्तकाचं नाव आणि तुमचा सभासद क्रमांक लिहून द्या, म्हणजे कर्मचाऱ्याला सूचीत शोधता येतं. तिथे नसेल तर दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात तीच चिठ्ठी द्या.

जाताना लेकीला बरोबर न्या आणि सभासदत्व तिच्या नावाने घ्या.